खऱ्या बाईवर कादंबरी: ऐतिहासिक लेखन पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

मराठीत ऐतिहासिक कादंबरीची परंपरा मोठी, पण तिच्यातली बाई बहुतेक वेळा दोनच वेशांत भेटते. एक तर मखरात बसलेली राजमाता, नाहीतर कान भरणारी कैकेयी. जिजाबाई, अहिल्याबाई पहिल्या रांगेत. सोयराबाई, आनंदीबाई दुसऱ्या. नवा लेखक हौसेने वेगळं नाव शोधतो आणि दोन प्रकरणांत तिलाही यांतल्याच एका रांगेत नेऊन उभं करतो. इथे प्रतिभा कमी पडलेली नसते. कागद कुठे संपतात आणि आपली कल्पना कुठे सुरू होते, ही रेघच आखलेली नसते. मग मोकळी जागा दिसेल तिथे ऐकीव साचे येऊन बसतात. पुढचा क्रम ही रेघ आखायला मदत करेल. उदाहरणं मराठी इतिहासातली आहेत आणि त्यांत ताराबाई वारंवार येतील, कारण एकाच बाईवर सगळ्या पायऱ्या करून पाहिल्या की पद्धत हाताला बसते.

नाव नको, प्रश्न निवडा

‘अमुक बाई किती थोर होत्या’ हा विषय पुण्यतिथीच्या भाषणाला ठीक. कादंबरीला असा प्रसंग लागतो, जो घडला हे नक्की आहे पण का घडला हे कोणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही.

ताराबाईंचंच घ्या. हंबीरराव मोहित्यांची मुलगी, राजाराम महाराजांची बायको. १७०० मध्ये नवरा सिंहगडावर गेल्यावर लहान मुलाच्या नावाने तिने औरंगजेबाशी सात वर्षं झुंज दिली. आपल्याला बहुतेकांना ती इथवरच माहीत असते. पण पुढे १७१४ मध्ये सवत राजसबाईने डाव उलटवला आणि ताराबाई मुलासकट पन्हाळ्यावर अटकेत गेली. तो मुलगा १७२६ मध्ये अटकेतच वारला. १७३० च्या सुमारास तिला साताऱ्याला आणलं गेलं. मुक्काम बदलला, पहारा बदलला नाही. डिसेंबर १७४९ मध्ये शाहू महाराज निपुत्रिक गेले तेव्हा गादीवर बसवला तो तिचा नातू रामराजा. ‘हा माझा नातू, मी याला लपवून वाढवला’ ही ग्वाही तिचीच. वर्ष सरायच्या आत, नोव्हेंबर १७५० मध्ये, तिने त्याच नातवाला साताऱ्याच्या किल्ल्यावर कैद केलं. आणि १७५२ मध्ये जेजुरीला, खंडोबाच्या देवळात पेशव्यांशी शपथक्रिया करताना सांगून टाकलं की हा माझा नातूच नाही.

का? तो तोतया होता म्हणून? पेशव्यांशी तडजोड करायला मोजलेली किंमत म्हणून? पंचाहत्तरी ओलांडलेल्या बाईचा राग म्हणून? इतिहासकारांचा कल तो खरा नातू होता असं मानण्याकडे आहे. मग तर प्रश्न आणखी अवघड होतो. अर्धं आयुष्य कैदेत काढलेली बाई आपल्याच रक्ताला कोठडीत घालते. असा प्रश्न हाती लागला की कादंबरीचा कणा मिळाला म्हणून समजा.

असे प्रश्न इतरत्रही आहेत. रायगड पडल्यावर, १६८९ मध्ये, येसूबाई शाहूसह मोगलांच्या हाती लागल्या त्या १७१९ मध्ये सुटून आल्या. तीस वर्षं शत्रूच्या ताब्यात, त्यातली बरीच छावणीबरोबर फिरत. त्या दिवसांचं त्यांच्या शब्दांत जवळपास काही नाही. उमाबाई दाभाडे यांचा मुलगा त्र्यंबकराव १७३१ मध्ये डभईच्या लढाईत थोरल्या बाजीरावांविरुद्ध लढताना पडला. त्यानंतर सेनापतीच्या घरातल्या या आईने त्याच पेशव्यांच्या राज्यात वीसेक वर्षं काढली. गोपिकाबाईंचं माधवरावांशी बिनसलं आणि त्या नाशिकजवळ गंगापूरला जाऊन राहिल्या. प्रत्येकीच्या आयुष्यात अशी एक खाच सापडते.

आता एक सल्ला, जो कुणालाच आवडत नाही. पहिली कादंबरी शिवकाळावर किंवा पेशवाईवर नको. एकोणिसावं शतक घ्या. तिथे वर्तमानपत्रं आहेत, कोर्टाचे निकाल आहेत, आत्मचरित्रं आहेत, आणि सगळं छापील बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, किंवा इंग्रजीत. रखमाबाईंचा खटला १८८४ मध्ये सुरू झाला, १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला, १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी ‘नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात’ असं फर्मावलं आणि १८८८ मध्ये तडजोड झाली. या सगळ्याचा कागद आहे. शिवाय ‘टाइम्स ऑफ इंडिया’त टोपणनावाने लिहिलेली रखमाबाईंची स्वतःची पत्रं आहेत. आनंदीबाई जोश्यांची पत्रं आहेत, आणि त्या गेल्यावर दोनच वर्षांत काशीबाई कानिटकरांनी लिहिलेलं चरित्र आहे. एका बाईने दुसरीचं चरित्र लिहायचं, तेही १८८९ मध्ये! मोकळी जागा इथे कमी मिळेल, पण पाय घसरण्याची शक्यताही कमी. तरीही पेशवाईच हवी असेल तर पुढचं जरा जास्त लक्ष देऊन वाचा.

आयुष्य नको, तुकडा घ्या

जन्मापासून समाधीपर्यंत गेलात की कादंबरीचं चरित्र होतं, आणि चरित्रासाठी लागणारी शिस्त आपल्याजवळ नसते. ताराबाई १६७५ ते १७६१, शहाऐंशी वर्षं जगली. त्यातली डिसेंबर १७४९ ते १७५२ ही जेमतेम तीन वर्षं उचला. शाहूंच्या मृत्यूने सुरुवात, जेजुरीच्या शपथेने शेवट. बाकीचं आयुष्य त्या तीन वर्षांत आठवणींतून, टोमण्यांतून, एखाद्या जुन्या नोकराच्या बोलण्यातून येऊ दे. पन्हाळ्यावरची कैद वेगळ्या प्रकरणात सांगायची गरज नाही; नातवाच्या खोलीला कुठून कडी घालायची, पहारा कुठे बसवायचा हे तिला न विचारता कळतं, एवढ्यात ती येऊन जाते.

कागदांकडे जाताना

इथे घाई करू नका. सगळ्यात जास्त वेळ याच पायरीला द्यायचा.

आधी छापील साधनं. राजवाड्यांनी १८९८ पासून छापलेले ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे खंड, गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ मध्ये संपादित केलेले पेशवे दप्तराचे पंचेचाळीस भाग, वासुदेवशास्त्री खऱ्यांचा ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’. बरेचसे जुने खंड डिजिटल रूपात मिळतात. पुण्यात १९१० मध्ये स्थापन झालेलं भारत इतिहास संशोधक मंडळ आणि सरकारी पुराभिलेखागार या पुढच्या जागा. तिथे मोडीतले रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आहेत आणि मोडी शिकल्याशिवाय त्यांचा उपयोग शून्य. मोडीचे वर्ग चालतात, लिपी काही आठवड्यांत ओळखीची होते. पण घाईत लिहिलेलं कारकुनी मोडी सुटायला महिने लागतात. छापील साधनं संपवल्याशिवाय रुमालांच्या वाटेला जाऊ नका. तिथली माणसं तुमचा पहिला प्रश्न ऐकूनच ओळखतात की तुम्ही गृहपाठ केलाय का नाही.

सूचीत बाईचं नाव शोधलंत तर हात हलवत परत याल. पत्रांत बायका नावाने क्वचित येतात. ‘मातुश्री’, ‘बाई’, ‘आईसाहेब’, ‘वहिनी’ अशाच येतात. त्यामुळे तिच्या वडिलांचं, भावाचं, मुलाचं, कारभाऱ्याचं नाव आणि राहण्याचं गाव, या सगळ्या वाटांनी शोधायचं. पत्राचा मायना, म्हणजे सुरुवातीचं संबोधन, नीट वाचा. ‘वज्रचूडेमंडित’ दिसलं तर नवरा हयात आहे, ‘गंगाभागीरथी’ दिसलं तर ती विधवा आहे. पत्रावर तारीख नसेल तेव्हा नुसत्या मायन्यावरून ते नवरा जाण्याआधीचं की नंतरचं एवढं तरी ठरतं.

कादंबरीकाराला राजकारणाच्या पत्रांपेक्षा खर्चाच्या यादीत जास्त सापडतं, हे माझं ठाम मत आहे. कुणाला कोणतं लुगडं दिलं, वैद्याला काय पोचलं, कोणत्या अनुष्ठानाला किती ब्राह्मण बसवले, कुणबीण कितीला घेतली. हो, विकत घेतली. पेशवाईच्या कागदांत कुणबिणी आणि बटकी मालमत्तेसारख्या येतात. थोर बाईवर लिहिताना तिच्या माजघरातली ही बाई विसरली जाते. आणि सगळं ऐकणारी, सगळीकडे जा-ये असणारी तीच असते. निवेदक शोधत असाल तर तिच्याकडे एकदा बघा.

आता बखरींविषयी. बखर वाचायची, पण ती कधी आणि कुणाच्या सांगण्यावरून लिहिली हे आधी पाहायचं. सभासदाने आपली बखर जिंजीला राजाराम महाराजांच्या काळात लिहिली. त्याने शिवाजी महाराजांचा काळ जगलेला होता. मल्हार रामराव चिटणिसाची बखर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची, म्हणजे शंभरेक वर्षांनंतरची. शिवाय त्याच्या पूर्वजांना संभाजी महाराजांनी मृत्युदंड दिला होता. येसूबाईंवर लिहिणाऱ्याने हे विसरून चालणार नाही. मोगल बाजू हवी असेल तर सेतुमाधवराव पगडींनी फारसी साधनं मराठीत आणून ठेवली आहेत. खाफीखानासारखा शत्रूपक्षाचा इतिहासकार ताराबाईच्या हुशारीची आणि कारभाराची दखल घेतो, तेव्हा ते वजन घरच्या स्तुतीपेक्षा जास्त.

एक उदाहरण जरा बारकाईने पाहू. विष्णुभट गोडसे, वरसईचे भिक्षुक, बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल म्हणून उत्तरेकडे निघाले आणि सत्तावनच्या धामधुमीत सापडले. १८५८ मध्ये झाशीला वेढा पडला तेव्हा ते गावात होते. लक्ष्मीबाईला त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. तिचा दिनक्रम, पोशाख, घोड्याची पारख, झाशी सोडल्यावर विहिरीपाशी झालेली भेट, सगळं लिहून ठेवलं. कादंबरीकाराला याहून काय हवं? पण दोन गोष्टी ध्यानात घ्या. त्यांनी हे बऱ्याच वर्षांनी आठवून लिहिलं. आणि १९०७ मध्ये चिं. वि. वैद्यांनी ‘माझा प्रवास’ छापला तो स्वतःचा हात फिरवून. मूळ हस्तलिखिताबरहुकूम आवृत्ती दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये काढली. तुम्ही ज्या वाक्यावर प्रसंग उभा करताय ते गोडसे भटजींचं की वैद्यांचं, हे दोन्ही प्रती शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही. डोळ्यांनी पाहिलेल्याच्या साक्षीचीही ही गत. मग ‘ध’ चा ‘मा’ कोणत्या खणात टाकायचा ते तुम्हीच ठरवा. नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ ला झाला हे पक्कं. राघोबांच्या आनंदीबाईने चिठ्ठीतलं अक्षर बदललं याला तशी चिठ्ठी कुणी दाखवलेली नाही. लोकांच्या तोंडी मात्र ती बाई त्या एका अक्षराएवढीच उरली.

वहीत तीन रकाने

वाचता वाचता एक वही चालू ठेवा. तारीखवार. प्रत्येक नोंदीला तीन रकाने: कागदात काय आहे, लोक काय म्हणतात, माझं काय. ताराबाईच्या वहीतली एक ओळ अशी दिसेल.

डिसेंबर १७४९. कागदात: शाहू महाराजांचा मृत्यू, त्यांच्या राणी सकवारबाई सती गेल्या. लोक म्हणतात: सती जाण्यासाठी पेशव्यांच्या बाजूने दबाव आला, मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफनेही तसं लिहिलं आहे. माझं: ताराबाई त्या रात्री कुठे होती, आणि सकवारबाई वाटेतून दूर झाली याचं तिला बरं वाटलं का?

तिसरा रकाना पहिल्या दोघांशी भांडू लागला तर तिसराच बदलायचा. हा नियम पहिल्या महिन्यात जाचक वाटतो, नंतर त्याचा आधार वाटू लागतो.

तारखांची एक डोकेदुखी इथेच मिटवून टाका. मराठी पत्रांत शुहूर सन येतो, अरबी आकड्यांच्या नावांनी: ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे ११६१. हे साल मृगाच्या सुमारास बदलतं, म्हणून त्याला मृगसालही म्हणतात. त्यामुळे जानेवारी ते मे मधल्या पत्राला ६०० मिळवायचे आणि पावसाळ्यापासून डिसेंबरपर्यंतच्या पत्राला ५९९. पानिपतच्या संक्रांतीचं पत्र ११६१ चं, ते झालं १७६१. शकात ७८ मिळवले की वर्ष येतं, पण पौषाच्या मध्यापासून फाल्गुनापर्यंत ७९. इंग्रजांचं पत्र १७५२ च्या आधीचं असेल तर ते जुन्या पंचांगाने मागे असतं. गोव्याचे पोर्तुगीज नवं पंचांग वापरत. सतराव्या शतकात एकाच दिवशी मुंबईहून आणि गोव्याहून निघालेल्या पत्रांच्या तारखांत दहा दिवसांचा फरक पडतो. जंत्री, म्हणजे तिथी-तारखांचा मेळ दाखवणारं कोष्टक, जवळ ठेवा. अमावास्येच्या रात्री नायिकेला चांदण्यात उभी केलीत तर कळवणारा वाचक मराठीत हमखास आहे.

मोकळी जागा भरताना

नोंदलेली घटना हलवू नका. नातवाची कैद ‘नाट्य वाढेल’ म्हणून शपथेनंतर नेऊ नका. जिला सती जाऊ दिलं नाही तिला सती पाठवू नका. संवाद, सोबती, स्वप्नं, घरातली भांडणं, मनात चाललेलं, हे सगळं तुमचं.

अवघड भाग हेतूंचा. सोपी वाट म्हणजे नायिकेच्या तोंडी आजचे विचार घालायचे. दुसरी सोपी वाट म्हणजे ‘त्या काळी बायकांना असले प्रश्न पडतच नव्हते’ म्हणून मोकळं व्हायचं. दोन्ही खोट्या. सतराव्या शतकातल्या संत बहिणाबाईंनी आपल्या अभंगांतून आत्मचरित्रच सांगितलं आहे. लहानपणी झालेलं लग्न, वयाने कितीतरी मोठा नवरा, त्याचा मार, तुकोबांची ओढ. वेदपुराणं स्त्रीदेहाला नावं ठेवतात, मग आता परमार्थाची सोय कशी लागायची, हा थेट सवाल. १८८२ मध्ये बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिलं ते वाचताना आजही चटका बसतो. प्रश्न होते, त्यांची भाषा वेगळी होती. बहिणाबाईंचा सवाल मोक्षाचा आहे, हक्काचा नाही. साताऱ्याच्या ताराबाईला ‘स्त्री म्हणून’ काही नको होतं. तिला आपल्या मुलाच्या वंशाची गादी हवी होती, आणि त्या गादीमागे कारभारी म्हणून आपण.

सतीच्या बाबतीत तर प्रत्येकीचा हिशेब वेगळा. १७५४ मध्ये कुंभेरीला खंडेराव पडल्यावर अहिल्याबाई सती निघाल्या आणि मल्हाररावांनी त्यांना परतवलं; १७९१ मध्ये त्याच अहिल्याबाईंना स्वतःच्या मुलीला, मुक्ताबाईला, परतवता आलं नाही. थोरल्या माधवरावांच्या रमाबाई १७७२ मध्ये थेऊरला गेल्या. ताराबाई गेली नाही, येसूबाई गेल्या नाहीत. पदर लावून, चंदनाचा सुवास घालून हा प्रसंग सजवण्याआधी विचारा: ती गेल्याने कुणाचं फावलं, आणि ती राहिली असती तर कुणाला अडचण झाली असती?

जात विसरू नका. मुंडण आणि लाल आलवण ब्राह्मण विधवेचं. ते उचलून मराठा राणीला नेसवलेलं मी छापील पुस्तकांत पाहिलं आहे. सरदार घराण्यांत गोषा होता, पेशव्यांच्या घरात तसा नव्हता. कितीतरी जातींत पाट लागत असे आणि सरकार त्यावर पाटदाम नावाची पट्टीही घेत असे. म्हणजे दासीचं दुसरं लग्न होऊ शकतं आणि तिच्या मालकिणीचं नाही. त्या एका फरकावर प्रकरण उभं राहतं.

बोलणं

ऐतिहासिक मराठी म्हटलं की नवखा लेखक नाटकी होतो. ‘आम्हांस हे सहन होणे नाही!’ असं कोणी माजघरात बोलत नसतं. पत्रातली भाषा कारकुनाची असते, तिच्यावरून बोलणं ठरवू नका. मात्र तिच्यातले शब्द उचला. जासूद, थैली, बेगमी, रदबदली, चौकी, रुसवा, पथ्य. ‘व्यक्तिमत्त्व’, ‘दृष्टिकोन’, ‘अस्तित्व’ हे आजच्या लेखातले शब्द संवादात आले की पात्र उभ्या उभ्या पुतळा होतं.

पहिल्या खर्ड्यात ताराबाई हमखास असं बोलते: ‘मी स्त्री असले तरी माझं स्वतंत्र अस्तित्व आहे, हे पेशव्यांनी विसरू नये!’ ते खोडा. १७५१ चा हिवाळा, रामराजा किल्ल्यावर बंद, नानासाहेब पेशवे फौजेसह निजामाच्या मुलखात. दासी बाजारातून परतली आहे.

‘नाना कुठवर आला?’
‘माघारी फिरले म्हणत्यात.’
‘म्हणतं कोण? जासूद, का मीठवाला?’
दासी गप्प.
‘मीठ आण आत. आणि वरच्या पोराला आज ताक नको, खोकतोय.’

तिने कैद केलेल्या नातवाला खोकला आहे हे तिला माहीत आहे. बाकीचं वाचक करतो.

निवेदन आजच्या मराठीत ठेवलं तर बिघडत नाही. उलट दोन्ही जुनाट ठेवलंत तर पन्नास पानांत दम लागतो.

वस्तू, वेळ, जागा

हे लवकर उरकता येतं. पेशवाईत चहा नको. बटाटा-टोमॅटो घरोघर नको. साबुदाणा तर त्याहून अलीकडचा, उपासाला वरी, दूध, फळं पुरतात. मिरची चालेल; पोर्तुगीजांबरोबर आली असली तरी पेशवाईपर्यंत रुळली होती. काडेपेटी एकोणिसाव्या शतकाची, तोवर चकमक किंवा राखेत जपलेला विस्तव. मिनिटं नकोत, घटका आहे, पळ आहे, प्रहर आहे. अंतर कोसांत. प्रवाशांची आगगाडी १६ एप्रिल १८५३ च्या आधी आपल्याकडे कुठेच नाही. आणि शनिवारवाड्यात आज जे दिसतं त्यावरून आतले महाल रंगवू नका. १८२८ च्या आगीत ते गेले.

जागेवर मात्र जाऊन या. पुस्तकातून न मिळणाऱ्या दोन गोष्टी तिथे मिळतात: उतार आणि वारा. साताऱ्याचा किल्ला, आजचा अजिंक्यतारा, गावाच्या अगदी डोक्यावर आहे. वर उभं राहिलं की खालच्या पेठेतली हालचाल दिसते; म्हणजे कैदेतल्या रामराजालाही ती दिसत असणार. किल्ल्यावरून उतरायला किती वेळ लागतो, निरोप घेऊन येणारा जासूद दारात पोचेपर्यंत किती धापा टाकत असेल, हे पायांना कळलं की प्रसंगाचा वेग आपोआप ठरतो. जाल तर भर उन्हात एकदा आणि पावसाळ्यात एकदा जा. संगम माहुली तिथून जवळ आहे, तीही पाहून घ्या.

कायदा, वंशज आणि शेवटचं मनोगत

मेलेल्या माणसाची बदनामी होऊ शकत नाही, हा गैरसमज आहे. भारतीय न्याय संहितेच्या ३५६ व्या कलमाच्या स्पष्टीकरणात मृत व्यक्तीवरचं लांच्छनही येतं. ती हयात असती तर अब्रूला धक्का बसला असता आणि जवळच्या नातलगांना दुखावण्याचा हेतू होता, असं दिसलं तर. अठराव्या शतकातल्या बाईबाबत हे कलम लागण्याआधी लोकांचा राग लागतो, हे वेगळं सांगायला नको. म्हणून एखाद्या बाईवर तुम्ही संबंध, विष, फितुरी असं काही लादणार असाल तर पहिल्या रकान्यात त्याला आधार आहे का ते पाहा. नसेल तर ते काल्पनिक पात्राच्या माथी मारा, आणि तेवढ्यासाठीच पात्र निर्माण केलंय असं वाटणार नाही इतकं त्याला जगवा.

स्वामित्वहक्काचा नियम सोपा आहे: लेखक गेल्यानंतर साठ वर्षं. सरदेसाई १९५९ मध्ये गेले, त्यांचं लेखन २०१९ अखेर मोकळं झालं. पगडी १९९४ मध्ये गेले; त्यांचे अनुवाद परवानगीशिवाय उतारेच्या उतारे उचलता येणार नाहीत. घटना कुणाच्या मालकीची नसते, वाक्य असतं.

छपाईला देण्याआधी हस्तलिखित दोघांना दाखवा. एक, मोडी वाचणारा अभ्यासक. तो तारखा आणि पदव्या काढेल. दुसरी, त्या जातीतल्या, त्या भागातल्या घरात वाढलेली वयस्क बाई. ती अभ्यासकाला न दिसणारं सांगेल: अशा दिवशी चूल पेटत नाही, सासऱ्यासमोर असं बसत नाहीत, या सणाला हे नेसत नाहीत.

पुस्तकाच्या शेवटी मनोगत लिहा, आणि आभार उरकून थांबू नका. कोणती पात्रं तुमची, कोणता प्रसंग कागदात आहे, कुठे दोन मतं होती आणि तुम्ही कोणतं घेतलं, हे साध्या वाक्यांत सांगा. ताराबाईच्या कादंबरीत रामराजा खरा नातू धरला आहे का तोतया, ते तिथे स्पष्ट लिहायचं. मीठ आणणारी दासी तुमची आहे, तेही.